विद्यार्थ्यांचे वर्तन आणि विद्यापीठाची जबाबदारी

विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने कसे वागावे, याचे नियम महाराष्ट्रात एका ठिकाणी लिहिलेले सापडत नाहीत. काही नियम महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत असतात, काही विद्यापीठाच्या परीक्षाविषयक अध्यादेशांत, काही राज्याच्या कायद्यांत आणि काही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांत. प्रवेशाच्या गर्दीत विद्यार्थी आणि पालक या सगळ्याला बांधून घेणाऱ्या हमीपत्रावर सही करतात आणि रांग पुढे सरकते. हमीपत्र वाचायला तिथे कोणाला वेळ नसतो, समजावून सांगायला माणूस नसतो.

या विखुरलेपणामागे इतिहास आहे. मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था म्हणून. शिकवणे, वसतिगृह चालवणे, मुलांवर लक्ष ठेवणे ही कामे महाविद्यालयांकडे राहिली. साहजिकच विद्यापीठाच्या लेखी गैरवर्तन म्हणजे परीक्षेतले गैरवर्तन, बाकीचे सारे प्राचार्यांच्या अखत्यारीत, अशी वाटणी पडली. प्राचार्यांचा अधिकार वडीलधाऱ्यांच्या अधिकारासारखा मानला गेला. त्याला लेखी मर्यादा नव्हती आणि त्यावर दादही मागता येत नव्हती. पुढे पुण्यासारखी विद्यापीठे स्वतः शिकवू लागली, विभाग आणि वसतिगृहे उभी राहिली, तरी ही वाटणी मनातून गेली नाही. १९९९पासून रॅगिंग, लैंगिक छळ, वाङ्मयचौर्य यांविषयीचे कायदे व विनियम आले आणि जुन्या दोन थरांवर तिसरा थर चढला. आजचा विद्यार्थी या तिन्ही थरांखाली वावरतो, पण त्यांचा एकमेकांशी मेळ घालून देण्याचे काम कोणत्याच संस्थेने मनापासून अंगावर घेतलेले नाही.

परीक्षेतील प्रामाणिकपणा हा यांतला सर्वांत जुना आणि सर्वांत स्पष्ट नियम. त्यासाठी राज्यात १९८२ सालचा स्वतंत्र कायदा आहे आणि प्रत्येक विद्यापीठाचे अध्यादेश आहेत. कॉपीचे प्रकरण प्रत्यक्षात कसे चालते, ते पाहण्यासारखे आहे. पर्यवेक्षकाला किंवा भरारी पथकाला चिठ्ठी सापडते. उत्तरपत्रिका आणि चिठ्ठी ताब्यात घेतली जाते, विद्यार्थ्याचा लेखी जबाब होतो, त्याला नवी उत्तरपत्रिका मिळते आणि उरलेला पेपर तो थरथरत्या हाताने लिहितो. जप्त केलेले कागद लाखबंद होऊन परीक्षा विभागाकडे जातात. मग नोटीस येते, समितीपुढे हजर राहावे लागते आणि निकाल लागेपर्यंत गुणपत्रिका अडकून राहते. जबाब लिहिताना त्या मुलाला आपण काय लिहून देत आहोत, याची कल्पना बहुधा नसते. ‘चूक झाली, माफ करा’ असे लिहून दिले की सुटका होईल, असे त्याला वाटते. समितीपुढे तोच कबुलीजबाब ठरतो. नियम मोडला तर शिक्षा व्हायलाच हवी. पण आपल्या हातून लिहून घेतलेल्या कागदाचा अर्थ काय, हे त्याच क्षणी त्याला सांगणे पर्यवेक्षकाचे कर्तव्य आहे.

परीक्षागृहातील कॉपीवर एवढा पहारा असताना वर्षभर उघडपणे चालणाऱ्या नकलेकडे मात्र डोळेझाक होते. प्रात्यक्षिकाचे जर्नल मागच्या वर्षीच्या मुलाकडून आणायचे, रात्रीतून उतरवायचे, सही घ्यायची, हे कित्येक महाविद्यालयांत सबमिशनचे सर्वमान्य रूप झाले आहे. न केलेल्या प्रयोगाची निरीक्षणे आधी ठरतात आणि आलेख त्यांना जुळवून काढला जातो. हजेरी कमी पडली की डिफॉल्टर यादी लागते, म्हणून मित्र प्रॉक्सी लावतो. प्रकल्प अहवाल तयार मिळतात. हे सारे शिक्षकांना ठाऊक असते, आणि म्हणूनच ते कॉपीपेक्षा घातक आहे. चोरून केलेल्या कॉपीत नियम मोडल्याची भीती तरी असते. उतरवलेल्या जर्नलवर शिक्षकाची सही पडते तेव्हा नियम लिहिण्यापुरता असतो, हा धडा विद्यार्थी संस्थेकडूनच शिकतो. ज्या शिक्षकाला बावीस जणांच्या तुकडीऐवजी साठ जणांची तुकडी सांभाळावी लागते, त्याची अडचण खरी आहे. पण त्या अडचणीची किंमत विद्यार्थ्याच्या सचोटीतून वसूल होता कामा नये.

संशोधनाच्या पातळीवर आयोगाच्या २०१८च्या विनियमांनी निश्चित मोजमाप आणले. प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यायचा, चाळीसच्या वर साठपर्यंत असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि साठच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची आणि सर्वसामान्य माहितीतील सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्य यांतून वगळले आहे. आकडे आल्यामुळे मनमानी कमी झाली, हे मान्य केले पाहिजे. पण आकड्यांनी एक गैरसमजही रुजवला. साम्य नऊ टक्क्यांवर आणले की काम प्रामाणिक झाले, असे संशोधक समजू लागले आणि शब्द फिरवून देणाऱ्यांचा धंदा सुरू झाला. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडून श्रेय न देणे हीदेखील चोरीच, आणि ती संगणकाच्या अहवालात दिसेलच असे नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या मजकुरामुळे ही मर्यादा आता आणखी ठळक झाली आहे, कारण तो मजकूर कोणाशीच शब्दशः जुळत नाही. यावर तोंडी परीक्षेइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. स्वतः लिहिलेल्या परिच्छेदावर दहा मिनिटे बोलता न येणारा विद्यार्थी कोणत्याही यंत्राशिवाय ओळखू येतो. मराठी माध्यमातील प्रबंधांबाबत तर साम्य शोधणाऱ्या यंत्रणेवर विसंबणे अधिकच धोक्याचे आहे. मराठी पुस्तकांचा आणि नियतकालिकांचा मोठा भाग अजून संगणकावर आलेलाच नाही.

दुसरी अपेक्षा सहाध्यायांशी असलेल्या वागणुकीची. येथे महाराष्ट्राने देशपातळीवरील विनियमांच्या आधीच पाऊल टाकले होते. १९९९च्या रॅगिंगविरोधी कायद्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढले जाते आणि पाच वर्षे अन्यत्र प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसल्यास विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. त्याने टाळाटाळ केली तर त्याने रॅगिंगला मदत केली असे समजले जाते. ही शेवटची तरतूद या कायद्याचा कणा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर २००९ साली आयोगाचे विनियम आले आणि विद्यार्थी व पालक यांची दरवर्षीची प्रतिज्ञापत्रे सुरू झाली. तरीही ‘इंट्रो’च्या नावाखाली वसतिगृहात रात्री उशिरापर्यंत नव्या मुलांना उभे करणे चालूच आहे, कारण ज्याला छळ सोसावा लागला तोच पुढच्या वर्षी छळतो आणि त्याला परंपरा म्हणतो.

जातीवरून होणारा छळ याहून सूक्ष्म असतो. ‘सीट कुठल्या कॅटेगरीतून मिळाली?’ हा प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारला जातो आणि उत्तरानंतर जेवणाच्या टेबलावरच्या जागा बदलतात. गुणवत्ता यादीतील क्रमांक विचारणे ही त्याच प्रश्नाची सभ्य आवृत्ती. वसतिगृह, वाचनालय, मैदान अशा ठिकाणी वेगळे काढण्याला आणि अपमानास्पद शेरेबाजीला आयोगाच्या २०१२च्या समताविषयक विनियमांनी मनाई केली आहे. लैंगिक छळाबाबत आयोगाचे २०१५चे विनियम अंतर्गत तक्रार समिती सक्तीची करतात. तक्रार तीन महिन्यांत करायची आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवायची, अशी त्यांत मुदत आहे. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तेव्हा समितीवर विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत, असेही त्यांत आहे. या समितीच्या सदस्यांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक विद्यार्थिनीला विचारल्याशिवाय दिसतील अशा जागी लावलेले असणे, ही संस्थेच्या गांभीर्याची पहिली परीक्षा.

पोशाख, केशरचना, मुलामुलींनी बरोबर बसणे, वसतिगृहात परतण्याची वेळ यांविषयीचे नियम माहितीपुस्तिकांत पुष्कळ असतात. १९८९ पासून अठराव्या वर्षी मताधिकार आहे. ज्या नागरिकाला सरकार निवडता येते, त्याने कोणता सदरा घालावा हे ठरवण्यात विद्यापीठाने शक्ती दवडू नये. प्रयोगशाळेत सुरक्षिततेसाठी पोशाखाचा नियम असावा, रात्रीची वेळ मुलांना आणि मुलींना सारखीच असावी, एवढे पुरे.

नियम कोणतेही असोत, त्यांचे वजन चौकशीच्या पद्धतीवर ठरते. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल एकत्र वाचावेत. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने १९५४च्या परीक्षेतील तीन विद्यार्थ्यांचे निकाल त्यांचे म्हणणे न ऐकताच रद्द केले. १९६२ साली घनश्यामदास गुप्ता प्रकरणात न्यायालयाने ही कृती बेकायदा ठरवली. शिक्षेमुळे विद्यार्थ्याचे आयुष्य बदलू शकते, म्हणून समितीने न्यायबुद्धीने वागले पाहिजे आणि त्याला बाजू मांडू दिली पाहिजे, हे तत्त्व तेथे पक्के झाले. दुसरा निकाल १९७०चा, बिहारमधील. एका केंद्रावर परीक्षाच एवढी बिघडली होती की मंडळाने त्या केंद्राची परीक्षा रद्द केली. कोणा एकावर ठपका ठेवलेला नसल्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्र सुनावणीची गरज नाही, असे न्यायालय म्हणाले. तिसरा १९७३चा, रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील. मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात रात्री शिरून किळसवाणे वर्तन केलेल्या विद्यार्थ्यांना काढून टाकले होते. मुलींचे जबाब आरोपींच्या गैरहजेरीत घेतले, त्यांची नावे उघड केली नाहीत, म्हणून चौकशी अन्यायकारक होती, असा आरोपींचा दावा होता. न्यायालयाने तो फेटाळला. आरोप काय आहे हे सांगितले होते, उत्तर देण्याची संधी दिली होती, आणि साक्ष देणाऱ्या मुलींचे संरक्षण आवश्यक होते.

या तीन निकालांतून निघणारा मार्ग गुंतागुंतीचा नाही. आरोप लेखी द्यावा, उत्तरासाठी पुरेसे दिवस द्यावेत, समितीत तक्रारदार बसू नये, निर्णय कारणांसह लिहावा, आणि ज्याला धोका आहे त्या साक्षीदाराचे नाव झाकावे. विद्यापीठांची चौकशी बहुतेक वेळा अडखळते ती ‘कारणांसह’ या शब्दापाशी. ‘समितीच्या शिफारशीनुसार’ एवढ्या एका ओळीत वर्षभराची शिक्षा कळवली जाते. प्रवेश, निकाल, शुल्क, अडवलेली प्रमाणपत्रे अशा तक्रारींसाठी आयोगाच्या २०२३च्या विनियमांनी तक्रार निवारण समितीला पंधरा कामकाजाच्या दिवसांची मुदत दिली आणि वर लोकपाल नेमला. शिस्तभंगाच्या प्रकरणांनाही तशीच मुदत हवी. निकाल राखून ठेवलेला विद्यार्थी नोकरीची मुलाखत गमावतो, तेव्हा निर्दोष सुटूनही त्याला शिक्षा झालेली असते.

वर्तनाचे मानदंड वरून लादलेलेच असतात, हे मात्र खरे नाही. मुंबईत विद्यापीठ स्थापन होण्याच्या आधी, १८४८ साली, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या परिसरात स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी उभी राहिली. तिच्यातील विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा काढल्या आणि आपले शिक्षण, नोकरी सांभाळून तेथे विनावेतन शिकवले. दादाभाई नौरोजी त्यांपैकी एक. हे त्यांना कोणत्याही अध्यादेशाने सांगितले नव्हते. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ साली सुरू केलेल्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत. त्या काळच्या महाराष्ट्रात असे जेवणे हे वर्तनाचे केवढे मोठे शिक्षण होते! शिस्त तेथे रोजच्या कामाच्या वाटणीतून येत होती. पुणे विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना भाऊरावांच्याच नावाने चालते.

विद्यार्थ्यांनी स्वतः मानदंड सांभाळल्याचे उदाहरण परदेशातही आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात १८४० साली एका विद्यार्थ्याच्या गोळीने प्राध्यापकाचा मृत्यू झाला. त्यानंतर १८४२ मध्ये परीक्षेत मदत घेतली नाही, अशी प्रतिज्ञा उत्तरपत्रिकेवर लिहिण्याची पद्धत आली. पुढे ती व्यवस्था विद्यार्थ्यांच्याच हाती गेली. चौकशी आणि निवाडा तेच करतात. दीर्घकाळ तेथे एकच शिक्षा होती, कायमची हकालपट्टी. २०२२ साली विद्यार्थ्यांनी मतदान करून ती सौम्य केली. अशी व्यवस्था जशीच्या तशी येथे आणता येणार नाही, पण विद्यार्थ्यांना नियमांची मालकी दिली की ते नियमांचा गांभीर्याने विचार करतात, हे त्यातून दिसते. महाराष्ट्रात १९९४च्या कायद्याने विद्यार्थी मंडळावरील निवड गुणवत्तेनुसार होऊ लागली आणि २०१६च्या अधिनियमात निवडणुकांची तरतूद परत आली. निवडणुकांतील हिंसेची भीती खरी आहे. विद्यार्थी निवडणुकांविषयीच्या लिंगडोह समितीने २००६ साली खर्चाला, वयाला आणि हजेरीला घातलेल्या अटी त्यासाठीच आहेत. पण विद्यार्थ्यांचा निवडून आलेला प्रतिनिधी नसताना केलेली आचारसंहिता ही त्यांना दिलेली नोटीसच राहते.

हे बदल प्राचार्य, विभागप्रमुख आणि विद्यार्थी विकासाचे काम पाहणारे शिक्षक यांच्या हातात आहेत. त्यांनी आपापल्या संस्थेत येत्या प्रवेशापूर्वी एवढे करावे: सर्व थरांतील नियम सोप्या मराठीत एका पुस्तिकेत आणावेत आणि पहिल्या आठवड्यात वर्गात वाचून दाखवावेत, शिस्तभंगाच्या प्रत्येक निर्णयाची कारणे विद्यार्थ्याला लेखी द्यावीत, नावे वगळून ते निर्णय दरवर्षी प्रसिद्ध करावेत, आणि न केलेल्या प्रयोगाच्या जर्नलवर सही करणे आजपासून थांबवावे.