दोन बटणं आणि एक अमानत



मागच्या आठवड्यात माझा मोबाइल हटून बसला. जागा शिल्लक नाही म्हणाला आणि नवा फोटो घेईना. मुलीनं गॅलरी उघडून पाहिली. म्हणाली, "अब्बा, फोटो थोडेच आहेत. हे सगळे स्क्रीनशॉट. दोन हजारांच्या वर!"

स्क्रीनशॉट म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर त्या क्षणी जे दिसतं, त्याचं चित्र. बहुतेक अँड्रॉइड मोबाइलवर चालू-बंदचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबलं, की ते टिपलं जातं. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०११ साली आली. अलीकडच्या आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाज वाढवायचं बटण दाबतात. इतकं सोपं असल्यामुळे आपण दाबत राहतो, आणि ढीग साठत जातो.

बापलेक आवरायला बसलो. रेल्वेची जुनी तिकिटं, वीजबिलाच्या पावत्या, होऊन गेलेल्या कविसंमेलनांची निमंत्रणं. मुलीनं मला रीत घालून दिली. काम झालं की लगेच पुसायचं. ठेवायचं असेल ते वेगळ्या अल्बममध्ये टाकायचं. पासवर्डचा किंवा आधार कार्डाचा स्क्रीनशॉट ठेवायचाच नाही. गॅलरी पाहायची परवानगी आपण कुठल्या कुठल्या ॲपला देऊन बसलोय, ते आपल्यालाही आठवत नाही. पुसलेली चित्रंही बऱ्याच मोबाइलवर महिनाभर कचरापेटीत पडून असतात. जागा हवी असेल तर ती पेटीही रिकामी करायची. मात्र कुणी पैशांना फसवलं असेल तर त्याचे स्क्रीनशॉट आणि मूळ संदेश, दोन्ही जपून ठेवायचे आणि ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करायचा.

पुसता पुसता माझं बोट एका चित्रावर थांबलं. २०२१ सालचं होतं. शेजारच्या गावी राहणारे माझे एक ज्येष्ठ कविमित्र तेव्हा आजारातून नुकतेच उठले होते. त्यांनी रात्री मला व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, "आता शब्द सुचत नाहीत. वही मिटावी म्हणतो. हे फक्त तुझ्यापाशी."

मला राहवलं नाही. चौघांनी त्यांना धीर द्यावा, म्हणून मी दोन बटणं दाबली आणि ते चित्र आम्हा पाच कवींच्या गटात टाकलं. सकाळपर्यंत ते कुठल्या कुठे गेलं. त्यांना सांत्वनाचे फोन सुरू झाले. व्हॉट्सॲपवरच्या साध्या संवादाचा स्क्रीनशॉट घेतला तर समोरच्याला कळत नाही. पण माझा कळला. दुपारी त्यांचा फोन आला. एवढंच म्हणाले, "अरे, मी तुला सांगितलं होतं, गावाला नव्हे."

निर्बंध उठल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. माफी मागितली. त्यांनी चहा पाजला, पण वही दाखवली नाही. त्याआधी प्रत्येक भेटीत दाखवायचे.

माझ्या लहानपणी शेजारच्या काकू गावाला जाताना आमच्याकडे पत्र्याचा एक डबा ठेवून जायच्या. आम्ही मुलं त्याच्याभोवती घुटमळायचो. अम्मी म्हणायची, "हात लावू नका, अमानत आहे." अमानत म्हणजे दुसऱ्यानं विश्वासानं ठेवलेली ठेव. डब्यात काय होतं, ते अम्मीलाही कधी कळलं नाही. तिनं झाकण उघडलंच नव्हतं.

कुणी आपल्याला मनातलं लिहितं, तेव्हा तेही असा डबाच आपल्याकडे ठेवून जातं. माझा हेतू चांगला होता, हे खरं. पण झाकण मी उघडलं, हेही खरं. "हे इतरांना दाखवू का?" एवढं विचारायला मला कितीसा वेळ लागला असता?

ते चित्र मी पुसलं. कचरापेटीतूनही काढलं. इतरांच्या मोबाइलमधलं पुसणं माझ्या हातात नाही. संध्याकाळी त्यांना फोन करून सांगितलं. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं केलंस. ये एकदा रविवारी."

मी जाणार आहे. वहीचा विषय मी काढणार नाही.