कोल्हापुरात सगळे कर्णच



मघाशी या साहित्य संमेलनाच्या संयोजकांनी ठरावांचा कागद हातात दिला. त्यात एक ठराव असा आहे की लेखकांनी समाजाला दिशा देणारं, सकारात्मक, संस्कारक्षम साहित्य लिहावं. या ठरावाला माझा विरोध आहे. संमेलनाच्या अध्यक्षानं विरोध करायची पद्धत नसते, ठाऊक आहे. पण दिशा दाखवायला कीर्तनकार आहेत, आमदार आहेत, सकाळी सहाला मोबाइलवर पडणारे सुविचार आहेत. त्या गर्दीत लेखकाला कशाला ढकलता?

वि. स. खांडेकर १९३८ साली शिरोडं सोडून कोल्हापूरला आले. इथं राहून त्यांनी १९५९ साली 'ययाति' दिली. पुढं तिच्यासाठी त्यांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं. त्याचा अभिमान आपण छातीवर मिरवतो. पण त्या कादंबरीत त्यांनी केलेली खोडी कुणी बघतच नाही. पोटच्या पोराकडं तारुण्य मागणाऱ्या बापाला, ययातीला, त्यांनी 'मी' म्हणून बोलायला लावलं. देवयानीलाही बोलायला लावलं, शर्मिष्ठेलाही. ययाती बोलत असतो तोवर त्याची भूक आपल्याला कळते, थोडी आपलीशीही वाटते. मग देवयानी तोंड उघडते आणि तिचा संतापही पटायला लागतो. प्रत्येकाकडं आपलं कारण तयार आहे, आणि ते खोटं वाटत नाही. वाईट वागणारा माणूस स्वतःला वाईट समजून वागत नाही, हे खांडेकरांनी असं दाखवलं.

आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी १९६७ साली 'मृत्युंजय'मध्ये तेच धाडस केलं. कर्ण बोलतो, कुंती बोलते, वृषाली आणि शोण बोलतात, कृष्ण बोलतो. आणि दुर्योधनही बोलतो! आपण काय केलं? कर्ण तेवढा उचलला. ज्याला त्याला वाटतं, माझ्यावर अन्याय झाला, मला डावललं, माझी कवचकुंडलं काढून घेतली. तालमीत तेच, सोसायटीच्या निवडणुकीत तेच, आणि लेखकांच्या बैठकीत तर विचारूच नका. कोल्हापुरात मला आजवर एकही दुर्योधन भेटलेला नाही. सगळे कर्णच. भरसभेत द्रौपदीला नाही नाही ते बोलला, तोही कर्णच होता. पण तेवढी पानं आपण भराभरा उलटतो.

गावाकडची गोष्ट घ्या. दोन भावांचा बांधावरून दावा चालू आहे. मोजणी होते, खुणा पडतात, बांध किती फूट सरकला ते नकाशावर येतं. पण दिवस मावळताना शेवटच्या तासाला ज्यानं नांगर हातभर पलीकडं घातला, त्याच्या मनात तेव्हा काय होतं? आपण चोरी करतोय असं त्याला वाटत नव्हतं. आईच्या आजारपणाचा खर्च एकट्यानं केला, त्याची वसुली चालली होती. हे पंचनाम्यात कुठल्या रकान्यात बसणार? तिथं कल्पनाच लागते. कल्पना म्हणजे थापा, हा आपल्याकडचा समज अडाणीपणाचा आहे. जे कुणी जबाबात सांगणार नाही, ते ऐकू येण्याची ती एकमेव सोय आहे.

कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा ना. सी. फडके आणि खांडेकर यांचा वाद आपण अजून चघळतो. दोघंही याच शहरात वावरले. फडके तर राजाराम कॉलेजात शिकवायचे. मला त्या वादाचा कंटाळा आहे. पात्र खोटं निघालं की दोन्ही बाजू हरतात, विषय संपला.

आता जरा टोचणारं बोलतो. कागलच्या आनंद यादवांनी 'झोंबी'त स्वतःच्या बापाला सोडलं नाही. पोराची शाळा तोडणारा, मारझोड करणारा बाप त्यांनी जसाच्या तसा उभा केला. आपण टाळ्या वाजवल्या. १९९० साली साहित्य अकादमीनं पुरस्कार दिला. त्याच माणसानं पुढं एका कादंबरीत तुकोबांचं तरुणपण कल्पनेनं रंगवलं, तर वारकऱ्यांच्या आक्षेपानंतर माफी मागायची, कादंबरी मागं घ्यायची आणि साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही सोडायची पाळी त्याच्यावर आली. २००९ चं महाबळेश्वरचं संमेलन अध्यक्षाविना पार पडलं. वारकऱ्यांना आक्षेप घ्यायचा हक्क होता. कादंबरी फसली, असंही कुणी खुशाल म्हणावं. माझा राग आपल्या जातभाईंवर आहे, लिहिणाऱ्यांवर. 'पुस्तकाशी भांडा, माणसाला सोडा' एवढं तरी एका आवाजात म्हणायला काय जात होतं? आणि आज आपणच संस्कारक्षमतेचा ठराव लिहून आणतो!

राजन गवसांच्या 'भंडारभोग' कादंबरीतला जोगता कुणालाही दिशा दाखवत नाही. देवीच्या नावानं त्याला लुगडं नेसवणारा गाव मात्र ओळखीचा निघतो. त्या गावाला आपण क्रूर आहोत असं वाटत नाही. तो भक्ती करत असतो.

इथं बसलेल्या पोरापोरींनो, मला एक कादंबरी वाचायची आहे, तुम्ही लिहा. ऐंशी वर्षांचा एक चेअरमन. कारखाना त्याचा, बँक त्याची, कॉलेज त्याचं. पोरगं पन्नाशीला आलंय आणि अजून बापाच्या गाडीचं दार उघडून धरतंय. या म्हाताऱ्याला खलनायक करू नका, ते फार सोपं आहे. त्याला 'मी' म्हणू द्या. पहिली पन्नास पानं तो मला पटला पाहिजे, त्याच्या पोराचा मला राग आला पाहिजे. आणि पुस्तक निघालं की प्रकाशनाला आपल्या तालुक्यातल्या चेअरमनसाहेबांनाच बोलवा. नाही आले, तर त्यांनी ते वाचलंय असं समजा.