दशावतारी गंजिफा

समोरासमोर बसून खेळायच्या बैठ्या खेळांचे मेळावे आज जगभर भरतात, आणि जर्मनीतील एसेन शहरात 1983 पासून भरणारा मेळा त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. परंतु दिवसभर डाव रंगवण्याची महाराष्ट्राची स्वतःची परंपरा पाहायची असेल, तर सावंतवाडीच्या गंजिफाकडे वळावे लागते. मनमाड जंक्शनवर गाडीची वाट पाहताना खेळल्या जाणाऱ्या 52 पत्त्यांहून हा खेळ बराच विस्तृत आहे, कारण त्यात प्रत्येक अवताराचा एक याप्रमाणे दहा रंग, म्हणजे पानांचे गट, असतात आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अंकांची पाने मिळून 12, अशी एकूण 120 गोल पाने होतात.

तीन खेळाडू प्रत्येकी 40 पाने घेतात. यांतील सर्वांत मनोहर नियम वेळेचा आहे: डाव दिवसा मांडला, तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो उतारी करतो, म्हणजे पहिले पान टाकतो, आणि रात्री हा मान कृष्णाच्या राजाकडे जातो. शिवाय पाच रंगांत अंकांपैकी दहा वरचढ, तर उरलेल्या पाचांत एक वरचढ असल्यामुळे पडलेली पाने ध्यानात ठेवणे हीच खरी कसोटी ठरते.

विसाव्या शतकात ही पाने रंगवणारे चितारी मोजकेच उरले असता सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना आश्रय दिला. ही कला वाचली ती त्यांच्यामुळे.