पुस्तक मिटा, मग फांद्या काढा

मला विषय दिलाय माइंड मॅप. वक्ता सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असेल, आता हा एखादं अ‍ॅप दाखवणार. अ‍ॅप्स आहेत. फ्रीमाइंड, फ्रीप्लेन तर फुकट मिळतात. पण आज आपल्याला एक कोरा कागद आणि पेन पुरे.

पद्धत सोपी आहे. कागद आडवा धरायचा, मधोमध विषय लिहायचा, त्यातून फांद्या काढायच्या, फांदीवर शक्यतो एकच शब्द, मग तिला लहान फांद्या. टोनी बुझान या ब्रिटिश लेखकाने १९७४ मध्ये बीबीसीवरच्या मालिकेतून ही पद्धत लोकांपर्यंत नेली. त्यांचा रंगांवर आणि चित्रांवर फार भर होता. मला मात्र रंगांचं तेवढं कौतुक नाही, कारण रंगांनीच मला बुडवलं.

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकलो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी इंग्रजी पुस्तकं डोक्यात शिरत नव्हती, म्हणून मी पुस्तक समोर उघडं ठेवून चार रंगांच्या पेनांनी सुंदर मॅप काढायचो. हॉस्टेलवरची पोरं त्यांची झेरॉक्स न्यायची. आणि डेटा स्ट्रक्चर्समध्ये केटी लागली मलाच! घरी सांगायची हिंमत नव्हती. अब्बांनी फी कशी भरली होती, ते मला माहीत होतं.

तेव्हा एका सीनियरने माझे मॅप पाहिले आणि म्हणाला, "ही तर नक्कल आहे. पुस्तक मिट आणि आता काढ."

काढायला बसलो. मध्ये लिहिलं 'ट्री'. 'ट्रॅव्हर्सल'च्या फांदीवर इनऑर्डर, प्रीऑर्डर, पोस्टऑर्डर पटापट आले. 'डिलीट'च्या फांदीवर काहीच येईना. बायनरी सर्च ट्रीमधल्या ज्या नोडला दोन मुलं आहेत, तो काढला तर त्याच्या जागी कोण येतं? रंगीत मॅपमध्ये हे मी तीनदा उतरवलं होतं. त्या रात्री मी फक्त ती एक रिकामी फांदी वाचली. पुढच्या खेपेला विषय सुटला.

पुढे नोकरीत असताना कळलं की यावर संशोधन झालंय. पर्ड्यू विद्यापीठातल्या जेफ्री कार्पिकी आणि जॅनेल ब्लंट यांचा लेख २०११ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. एका गटाने मजकूर समोर ठेवून माइंड मॅपसारखेच संकल्पनांचे नकाशे काढले. दुसऱ्या गटाने वाचलं, मजकूर बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहिलं. आठवड्याने परीक्षा घेतली तर दुसरा गट पुढे. २०१४ मध्ये त्याच दोघांनी दाखवलं की नकाशाही मजकूर न पाहता काढला, तर तो आठवून लिहिण्याइतकाच उपयोगी पडतो. म्हणजे दोष नकाशाचा नव्हता, उघड्या पुस्तकाचा होता.

आता अभ्यासाबाहेरचं एक उदाहरण. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. घरात रोज गोंधळ, म्हणून मी जुन्या कॅलेंडरच्या मागे मॅप काढला. मध्ये 'निकाह', फांद्या हॉल, जेवण, पाहुणे, कपडे, पैसे. अम्मी, मामू, सगळे भर घालत होते आणि मी खूश होतो. बहीण चहा घेऊन आली, दोन मिनिटं बघत उभी राहिली. म्हणाली, "भाईजान, यात मी कुठे आहे?"

पाहिलं तर ती फक्त 'कपडे' या फांदीवर होती.

तिने पेन घेतलं, स्वतःच्या नावाची फांदी काढली आणि तीन शब्द लिहिले: परीक्षा, नोकरी, मेहेर. मग 'परीक्षा'पासून 'हॉल'पर्यंत एक तिरकी रेघ ओढली. तिची बीएडची शेवटची परीक्षा आणि हॉलची तारीख एकाच आठवड्यात येत होती. हे घरात सगळ्यांना सुटं सुटं माहीत होतं. एका कागदावर आल्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

तारीख पुढे गेली, हॉलवाल्याने आगाऊ रकमेतले काही पैसे कापले. मेहेरचा आकडा स्टेजवर घाईत ठरायचा, तो आधीच बसून, तिला विचारून ठरला. नोकरीचं बोलणं एवढं सरळ झालं नाही. ते अजून चालू आहे.

नवीन काही सुचायचं असेल, तर अशाच तिरक्या रेघा कामाला येतात. आमच्या भाषेत सांगायचं तर त्या रेघांमुळे ट्रीचा ग्राफ होतो. आजच्या बोलण्याच्या मॅपला सात फांद्या होत्या. रेघा ओढल्यावर चार निरुपयोगी निघाल्या. तुमचं नशीब!

आता कागद वाटतो. मोबाइल पालथे ठेवा. परीक्षा, नोकरीचा अर्ज, घरातलं एखादं कार्य, जे डोक्यात घोळतंय ते मधोमध लिहा. दहा मिनिटं आहेत. जी फांदी रिकामी राहील, तिच्याभोवती गोल करा. त्या फांद्यांवरच पुढे बोलू.