'पोलीस केस' आणि उपचार
(वार्षिक सभेतील भाषण)



अहवालातील आकडे आपणांसमोर आहेतच. त्यांत न दिसणाऱ्या एका विषयाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. वारज्याच्या मधून मुंबई-बेंगळुरू महामार्ग जातो. त्यामुळे आमच्या अपघात विभागात जखमी माणसाच्या मागोमाग एक शब्द हमखास येतो, 'पोलीस केस'. या शब्दाच्या धास्तीने लोक उशिरा येतात, खोटे सांगतात, किंवा जखमीला दारात उतरवून निघून जातात. पोलीस चांगले की वाईट, हा आमचा विषय नव्हे. चौकीच्या भीतीची किंमत रुग्णाच्या शरीराला मोजावी लागते, ती आम्ही रोज पाहतो.

ही भीती एके काळी रुग्णालयांनाही होती. एका स्कूटरस्वारास मोटारीची धडक बसली. त्याला जवळच्या रुग्णालयात नेणाऱ्यास, 'पोलीस प्रकरणे आम्ही घेत नाही' म्हणून वीस किलोमीटर दूर जाण्यास सांगण्यात आले. स्कूटरस्वार वाटेतच दगावला. त्यावरील परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले की, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य जीव वाचविणे हे होय, कागदपत्रे नंतर. मदत करणाऱ्या वाटसरूस मात्र प्रत्यक्ष कायद्यात संरक्षण मिळण्यास आणखी तीस वर्षे लागली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. त्यानुसार जखमीस आणणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांना कळवायचे ते रुग्णालय कळवते. तरीही महामार्गावर गाड्या बाजूने निघून जातात, कारण कायदा बदलल्याचे कोणी त्यांना सांगितलेलेच नसते.

याहून अवघड प्रसंग घरातून येतात. मुलाने किंवा सुनेने 'औषध' प्यायलेले असते आणि नातेवाईक 'खाण्यातून काही गेले असेल' म्हणतात. डब्यात काय होते हे कळल्यावाचून योग्य उतारा देता येत नाही. लपविण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून संरक्षण दिले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुने ३०९ कलम राहिलेलेच नाही. घरच्यांनी खरे सांगावे, एवढीच आमची हात जोडून विनंती आहे.

पोलिसांमुळे प्रकृतीस मदतही होते, हे सांगितले नाही तर चित्र एकांगी होईल. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेत रस्ते अपघातातील जखमीस ठरावीक रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडविरहित उपचार मिळू शकतात. मात्र अपघाताची खातरजमा पोलिसांनी करावयाची असते. तेथे हवालदाराची एक तत्पर नोंद एखाद्या कुटुंबाला कर्जातून वाचवते. जबाब घेण्यास आलेले कर्मचारीही, रुग्ण बोलण्याच्या स्थितीत असल्याचे डॉक्टरांनी लिहून देईपर्यंत, बहुधा निमूटपणे बाकावर थांबतात. त्यांच्यासाठी चहा ठेवण्याची प्रथा आम्ही पाडली आहे. त्याचा खर्च किरकोळ खात्यात दिसेल.

राहिला प्रश्न 'जिन्यावरून पडले' असे सांगणाऱ्या स्त्रियांचा. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका व 'सेहत' या संस्थेने मिळून 'दिलासा' हे केंद्र चालू केले, ते अशाच स्त्रियांशी रुग्णालयातच बोलण्यासाठी. चौकीची पायरी न चढणारी स्त्री पट्टी बांधून घेण्यास येतेच. आपल्याकडे दिवसा समाजसेविका आहे, रात्री नाही. आणि अशा स्त्रिया बहुतांशी रात्रीच येतात. रात्रपाळीच्या पदाचा वार्षिक खर्च पुरवणी अंदाजपत्रकात दिला आहे. विश्वस्त मंडळाने त्यावर याच सभेत विचार करावा, अशी विनंती आहे.