शाळेतील संगणकासाठी मुक्त प्रणालीची निवड



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपला. शाळांतील कित्येक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. यंत्र धडधाकट असता ते अडगळीत टाकावे काय, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. त्याचे उत्तर मुक्त प्रणालीत सापडते.

फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा जगापुढे मांडला. त्यावर उभारलेल्या मुक्त प्रणाली कोणासही तपासता, बदलता व वाटता येतात. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारलेली 'बॉस' प्रणाली २००७ साली प्रसिद्ध केली. तीत मराठीचीही सोय आहे. माहुलनजीक मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही मुक्त प्रणालींच्या शैक्षणिक उपयोगावर काम झाले आहे.

माहुलच्या कोळीवाड्यातील नाखवा होडी रंगावरून पारखीत नाही. ती किती टिकेल व तिची डागडुजी बंदरावरच होईल की नाही, हे तो पाहतो. प्रणालीही तशीच पारखावी. डेबियनची स्थिर आवृत्ती सुमारे दोन वर्षांनी निघते. मधल्या काळात बहुतांशी सुरक्षिततेच्या व दोषनिवारणाच्या दुरुस्त्याच येतात, आणि एकूण पाच वर्षे आधार मिळतो. उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीसही पाच वर्षांचा आधार असतो. हजेरी, प्रश्नपत्रिका व मुलांचे पाठ यांस एवढे स्थैर्य पुरते. वारंवार बदलणारी प्रणाली हौशी जाणकारांसाठी ठेवावी. स्मृती कमी असल्यास 'एक्सएफसीई' हा हलका पडदा निवडावा. मात्र ३२ बिटांच्या फार जुन्या यंत्रावर डेबियन १३ नव्याने बसविता येत नाही, हे ध्यानात असावे.

प्रथम सर्व दप्तराची प्रत अन्यत्र काढावी. नंतर प्रणाली पेन ड्राइव्हवरूनच चालवून मराठी टंकलेखन, छपाईयंत्र व इंटरनेट तपासावे. सर्व नीट चालल्यास आधी एकाच संगणकावर ती बसवावी. एखादे कार्यालयीन काम विंडोजवरच होत असेल, तर त्यापुरते एक यंत्र राखावे. शिकण्यासाठी पवईच्या आयआयटीचे 'स्पोकन ट्युटोरिअल' पाठ मराठीतही आहेत.

कुलुपबंद कपाटातील संगणकाने एकही मूल शिकत नाही. जुन्या यंत्रावर मुलाचा हात फिरू लागला, म्हणजे निवड सार्थकी लागली असे समजावे.