दूरसंचार : अर्थ आणि उपयोग



विजेच्या अथवा बिनतारी लहरींच्या साहाय्याने दूरच्या माणसास संदेश पोचविणे म्हणजे दूरसंचार होय. भारतात १८५० साली कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्या दरम्यान तारायंत्राचा पहिला प्रयोग झाला. ती तारसेवा २०१३ साली बंद झाली. आता तेच कार्य मोबाइल करतो. साधने बदलली, तरी तीन अंगे कायम आहेत : संदेश पाठविणारा, तो वाहून नेणारे माध्यम आणि तो ग्रहण करणारा.

तिसरे अंग नसेल तर काय अनर्थ ओढवतो, हे टायटॅनिक जहाजाच्या उदाहरणावरून दिसते. १५ एप्रिल १९१२ रोजी मध्यरात्रीनंतर त्या बुडत्या जहाजाने बिनतारी यंत्रावरून मदतीची हाक दिली. जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजावरील एकमेव बिनतारी कर्मचारी त्या वेळी झोपला होता. रात्रभर ऐकत राहण्याचा नियमच तेव्हा नव्हता. अधिक दूर असलेल्या कार्पेथियाने हाक ऐकली व सातशेहून अधिक जीव वाचविले. सुमारे पंधराशे माणसे मात्र प्राणांस मुकली. पुढे १९१४ च्या आंतरराष्ट्रीय करारात मोठ्या प्रवासी जहाजांसाठी अहोरात्र बिनतारी पहाऱ्याची तरतूद झाली.

वर्गात हे सहज दाखविता येते. बाकावर एक टकटक म्हणजे ‘या’, दोन म्हणजे ‘थांबा’, असा संकेत ठरवावा. एका मुलास तो सांगू नये. आवाज त्याच्या कानी पडेल, परंतु संदेश पोचणार नाही. पुराचा इशारा मोबाइलवर आला, तरी तो वाचून शेजाऱ्यास जागे करणारा असेल, तरच त्याचा उपयोग. असा सावध ग्रहणकर्ता घडविणे हे शाळेचे कार्य आहे.